सोळा पहारी आणि सोळा जोडे

निवळगडाच्या पूर्व कड्यावर चैत्रातले ऊन अजून उतरायचे होते. खालच्या खोऱ्यात धुराच्या काही रेघा तेवढ्या उभ्या होत्या, आणि मुर्तजाखानाच्या दहा हजार लष्कराच्या चुली रोज पहाटे जो धूर ओकीत त्याच्या मानाने त्या रेघा अगदीच केविलवाण्या दिसत होत्या. निशाणाच्या ढालकाठीखाली पहाऱ्यावर असलेल्या शिपायाने डोळे चोळले, पुन्हा पाहिले, कड्याच्या टोकाशी जाऊन तिसऱ्यांदा पाहिले, आणि मग अशी आरोळी ठोकली की गडावरची चारशे माणसे अंथरूण सोडून तटाकडे धावली.

"उठलं! लष्कर उठलं! खान गेला!"

सात महिने! अहो, सात महिने म्हणजे काय, हे तटावर बसून नाचणीची आंबील मोजून प्यायलेल्यालाच कळावे. त्या सात महिन्यांत गडाने साठ माणसे गमावली, गाईगुरे खाल्ली नाहीत एवढेच. आणि आता एका रात्रीत, पातशहाने खानाला कर्नाटकाकडे बोलावले अशी आवई उठवून, तो दहा हजारांचा पसारा खिंडीपलीकडे निघून गेला होता. म्हाताऱ्या बायका रडू लागल्या. धडधाकट गडी एकमेकांना मिठ्या मारू लागले. कोणी तरी हलगी काढली.

आणि खानाने मागे टाकले तरी काय काय! घाईने निघणाऱ्याला ओझे नकोसे होते हे कबूल, परंतु इथे तर अख्खी बाजारपेठ उघड्यावर पडली होती. बत्ती देण्याच्या कान्यात खिळे ठोकून निकामी केलेल्या नऊ तोफा, त्यांचे मोडके गाडे, ताणलेल्या दोरांसकट उभे राहिलेले तंबू, अर्धा भात करपून राहिलेल्या तांब्याच्या देगा, तटाला लावायच्या शिड्या, खोगिरे, लगाम, ढालींचा ढीग, पाय मोडलेले दोन उंट. सात महिन्यांनी प्रथमच महादरवाज्याचा अडसर निघाला आणि माणसे जत्रेला निघाल्यासारखी उतरणीला लागली.

गडाचे किल्लेदार रुमाजीराव शेडगे. पन्नाशी उलटलेला, बोलण्याला कंजूष, पण दिलेल्या शब्दाला चिकट असा माणूस. त्यांनी फक्त एवढीच आज्ञा केली, "माणसांना जे न्यायचे ते नेऊ द्या. दोन प्रहरांपूर्वी मात्र झाडून सारे भवानी बुरुजावर हजर पाहिजेत. बुरूजपूजन आजच होईल."

हा बुरूजपूजनाचा रिवाज निवळगडाचा खास होता. वेढा उठला की ज्या बुरुजाने सर्वांत जास्त मारा सोसला, त्याच्यावर किल्लेदारापासून पाणक्यापर्यंत सारा गड गोळा व्हायचा. दगडांना हळद लावायची, प्रत्येकाने आपले हत्यार बुरुजाच्या पायाशी ठेवायचे, आणि मग अकरा तोफांची सलामी द्यायची. आसपासच्या चाळीस गावांना हा रिवाज पाठ होता. मग सात महिने पायथ्याशी बसून राहिलेल्या खानाला तो ठाऊक नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होते. आणि तो भाबडेपणा त्या सकाळी साऱ्या गडाने मिळून केला.

आनंदाच्या त्या कल्लोळात एका बाईचा जीव मात्र खालीवर होत होता. ती राही, गडावरच्या कुशाबा बेलदाराची बायको. वेढा पडला त्याच आठवड्यात कुशाबा आपल्या आजारी आईला आणायला खालच्या वाडीत उतरला आणि खानाच्या माणसांनी त्याला बिगारीला धरून नेले. पाथरवटाचे हात, त्यांना ते सोन्याहून पिवळे! तेव्हापासून कुशाबा खानासाठी सुरुंग खणतो आहे, ही बातमी गडावर पोचली आणि पाणवठ्यावर राहीला पाहून बायका घागरी बाजूला ओढू लागल्या. "आपल्याच गडाच्या पोटात पहार घालतोय मेला," असे तिच्या तोंडावर बोलले गेले. तिने ऐकून घेतले. काय बोलणार?

बोलण्यासारखे तिच्यापाशी एकच होते, आणि ते तर तिने मेले तरी सांगितले नसते. कुशाबा गेल्यापासून गडावर कान लावण्याचे काम तिचेच होते. शत्रू सुरुंग कुठून आणतो हे कळावे म्हणून बेलदार माणूस तटाच्या पायाला, खडकाला, टाक्याच्या भिंतीला कान लावून बसतो. खाली पहारीचा घाव पडला की तो दगडातून वर येतो. मागल्या दोन महिन्यांत राहीने भवानी बुरुजाखाली घाव ऐकले होते. दोन हलके, एक जड, मग दम खाल्ल्याएवढी उसंत. पुन्हा दोन हलके, एक जड. तो घाव तिने लग्नाआधीपासून ऐकला होता. तो कुशाबाचा होता. आणि सरकारांना तिने काय सांगितले? "पश्चिमेच्या सोंडंखाली खणत्यात जी." शत्रूचे भुयार गाठायला गडाने पश्चिमेला वरून उलटा सुरुंग मारला, तिथे नुसता खडक लागला. खऱ्या जागेवर मारला असता तर पहिला घाव तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर पडला असता. चार दिवसांपूर्वी तो आवाज एकाएकी बंद झाला. तिने तसे कळवले, आणि खानाने नाद सोडला असे सर्वांनी धरून चालले.

राही सर्वांबरोबर खाली उतरली ती तांदळासाठी नव्हे. कुठे तरी, एखाद्या खड्ड्यात, कुशाबाचे प्रेत सापडेल या भीतीने ती तंबूमागून तंबू धुंडाळत होती. असा शोध घेता घेता ती तोफांसाठी उभारलेल्या मातीच्या दमदम्यामागे आली आणि एका झापाच्या आडोशाखाली थबकली.

तिथे सोळा पहारी ओळीने मांडल्या होत्या. साऱ्यांची टोके उगवतीला. शेजारी घण, छिन्न्या, हातोड्या, ज्याची त्याची रास वेगळी. आणि प्रत्येक राशीपुढे जोड्यांचा एकेक जोड, नीट, टाचा जुळवून. तिसऱ्या राशीपुढच्या जोड्यात डाव्या पायाचा तळ बोटभर जाड होता. कुशाबाचा डावा पाय आखूड होता.

बाजूने जाणारा एक शिपाई हसत म्हणाला, "घे की गं पहारी, लोखंड चांगलं हाय!"

लष्कर पळताना हत्यार टाकते ते वेडेवाकडे, वाटेल तिथे. हे टाकलेले नव्हते, हे काढून ठेवलेले होते. बेलदाराच्या जातीत पोराला चालायच्या आधी शिकवतात, की दारू भरलेल्या सुरुंगात लोखंड न्यायचे नाही. पहार दगडाला लागली, जोड्याचा खिळा घासला, की एक ठिणगी आणि सगळ्यांची राख. म्हणून दारू ठासायची झाली की बेलदार लोखंड तोंडाशी काढतो, जोडे काढतो, आणि लाकडी मोगऱ्या घेऊन अनवाणी आत जातो. बाहेर आला की पहिले काम, जोडे घालणे.

सोळा माणसे आत गेली होती. बाहेर कोणीच आले नव्हते.

ती धावली. सात महिने अर्धपोटी राहिलेली बाई त्या चढणीने कशी धावली हे तिचे तिलाच ठाऊक. वर भवानी बुरुजावर तोरणे चढत होती, हळदीची परात आली होती, सनईवाला सूर जुळवत होता. शंभर एक माणसे जमलीही होती. रुमाजीरावांपाशी कारखानीस नागोपंत उभे होते. राहीने किल्लेदारांच्या पायाशी अंग टाकले.

"सरकार, ह्या बुरजाखाली दारू ठासलीया. माणसं हलवा. पण गपचीप हलवा, आत कुणी तरी बत्ती धरून बसलंय!"

नागोपंत ओरडले, "काय बरळतेस? सुरुंग पश्चिमेला होता असे तूच सांगितलेस ना?"

"म्यां खोटं सांगितलं, पंत."

रुमाजीराव खाली वाकले. "का?"

"खणणारा माझा घरधनी व्हता." आणि मग पहारींचे, जोड्यांचे, घावाचे, सारे तिने एका दमात सांगून टाकले. "सलामीच्या तोफा वाजल्या की सारा गड हितं बिनहत्यारी उभा आसंल, तवाच बत्ती पडंल. खानाला ठावं हाय. तो गेला न्हाई सरकार, खिंडीमागं बसलाय."

"फितुरी! ही उघड फितुरी आहे!" नागोपंत ओरडले, आणि खरे सांगायचे तर ओरडतानाच ते दोन पावले मागे सरले, कारण ते त्याच दगडांवर उभे होते.

रुमाजीरावांनी हात वर करून त्यांना गप्प केले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चढला नाही. "सनई थांबवू नका. हलगी वाजू द्या, आणखी जोराने वाजू द्या. समोरच्या टेकडीवर खानाची नजर असणारच. बायामाणसे एकेक करून मागच्या दिंडीदरवाज्याने खाली काढा, जशी प्रसाद आणायला निघाली आहेत. मी इथेच उभा राहतो, माझ्या डोक्यावरचा मंदील त्यांना दिसला पाहिजे. पंत, बुरुजाच्या पायाशी टाके आहे. त्याचे पाणी खाली उतरेल?"

नागोपंतांच्या आधी राहीनेच उत्तर दिले. तिला खोटे बोलण्याचा कंटाळा आला होता. "उतरंल जी. सुरुंग खालनं गेल्यापास्नं टाकं रोज बोटभर उतरतंय. तळाचा ईशान्येचा दगड फोडला तर सारं पाणी थेट भुयारात. दारूचा चिखल हुईल."

"आणि आत असलेली माणसे?"

राहीने खालच्या दमदम्याकडे पाहिले.

"घण घेऊन चार गडी टाक्यात उतरवा," रुमाजीराव म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांना पुढचा शब्द उच्चारणे जड गेले. "बाई, चारशे जीव आहेत."

"व्हय जी. फोडा. पर आधी मला जाऊ द्या."

"दहा शिपाई देतो."

"शिपाई नगं. धा जोड्यांचा आवाज आत पोचतोय, तो लगेच बत्ती लावंल. सकाळपास्नं खाली बाया लूट गोळा करत्यात. त्यातलीच म्यां एक."

रुमाजीरावांनी ढालकाठीकडे पाहिले. काठीची सावली बुरुजाच्या पाचव्या पायरीवर पडली होती. "सावली तिसऱ्या पायरीला लागेपर्यंत थांबतो. तोवर तू बाहेर येऊन पदर हलवलास तर ठीक. नाही तर दगड फुटेल. हा माझा शब्द आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे."

राहीने जोडे काढले. बांगड्या उतरवल्या, गळ्यातले उतरवले, कमरेचा विळा टाकला. मग खाली बसून दोन्ही पायांतली जोडवी ओढून काढली आणि पायरीवर ठेवली. नवरा जिवंत असलेल्या बाईला असे करताना पाहून मघाशी फितुरी म्हणून ओरडलेल्या नागोपंतांनी मान फिरवली. पाण्याने भरलेली मातीची घागर उचलून ती उतरणीला लागली.

पहारींच्या आडोशापासून दहा पावलांवर गवताची मोठी गंज होती. उपाशी घोड्यांच्या लष्कराने एवढे गवत मागे का ठेवावे, हा प्रश्न सकाळपासून कोणालाच पडला नव्हता. राहीने मोठ्याने, पलीकडच्या बायकांना सांगावे तशी, हाक घातली, "अगं, हिकडं बी काही तरी हाय गं! तांदूळ दिसतोय!" आणि गवत उपसू लागली. आत झाप लागला. झापामागे काळोख.

काळोखातून एक हात आला आणि तिला दंडाला धरून आत खेचले.

तो खानाचा जमादार होता. एकटाच. दोन दिवस त्या बिळात बसून त्याचे डोळे लाल झाले होते, आणि डाव्या हातात धुमसत असलेला दोरीचा तोडा होता. त्याच्या पायापासून दारू भरलेली कापडी नळी भिंतीकडेने आत गेली होती. आतल्या बाजूला जाड फळ्यांचा अडसर. त्यामागे माणसांच्या खोकण्याचा आवाज. कामाच्या गरजेपुरते ठेवून घेतलेले, आणि गुपित फुटू नये म्हणून कोंडून घातलेले सोळा जण. वा रे खानाची दानत!

"आवाज किया तो काट दूँगा," जमादार पुटपुटला.

"पाणी हाय जी, पाणी," राही म्हणाली आणि गुडघे मोडल्याचे सोंग करून घागरीसकट त्या नळीवर कोसळली.

घागर फुटली. नळी भिजली, पण पाच हातांपर्यंतच. जमादाराला डाव समजायला एक श्वास लागला. त्याने तिला लाथेने बाजूला केले आणि तोडा फुंकीत आतल्या कोरड्या टोकाकडे झेप घेतली. राहीने त्याचा पाय धरला. तो आडवा झाला, त्याने कट्यार काढली, तिच्या खांद्यात खुपसली. तिने पाय सोडला आणि त्याच्या मनगटावर झडप घातली. जळता तोडा तिच्या मुठीत आला. तिने मूठ आवळली. कातडे जळाल्याचा वास त्या भुयारात भरला, तिच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला, पण मूठ उघडली नाही. दुसरा वार दंडावर बसला.

"कुशाऽ!" जन्मात पहिल्यांदा तिने नवऱ्याचे नाव घेतले. "कुशा, म्यां राही! हा एकटाच हाय! फळी फोडा!"

पलीकडून सोळा लाकडी मोगऱ्या एकदम फळीवर आदळल्या.

वर सावली तिसऱ्या पायरीला लागली. बायामाणसे निघून गेली होती. बुरुजावर उरले होते किल्लेदार, सनईवाला, हलगीवाला आणि नागोपंत. टाक्यात चार घण उचललेले होते.

"सरकार, वेळ झाली," नागोपंत म्हणाले.

रुमाजीराव खालच्या गवताच्या गंजीकडे बघत राहिले.

"सरकार! सावली दोन बोटे पुढे गेली. इशारत करा, नाही तर बुरूज आणि आपण..."

"पंत, आपण खाली उतरा."

"मी उतरणार नाही. पण इशारत करा!"

"तीन वेळा श्वास घेतो, आणि मग करतो," रुमाजीराव म्हणाले. त्यांनी किती श्वास घेतले ते त्यांनाही सांगता आले नसते. हलगी वाजतच होती. मग गवत हलले, मुसक्या बांधलेल्या जमादाराला पुढे ढकलीत अंगाला चुना-माती फासलेली माणसे एकामागून एक उन्हात आली आणि डोळ्यांवर हात धरून खाली बसली. आणि शेवटी, एका लंगड्या माणसाच्या खांद्यावर भार टाकून आलेल्या बाईने रक्ताने भिजलेला पदर हलवला. नागोपंत मटकन खाली बसले ते पुढे घटकाभर उठलेच नाहीत.

खाली कुशाबाने आपल्या पटक्याची चिंधी फाडून राहीची जळलेली मूठ बांधायला घेतली. तिला वाटले, आता हा रडेल. पण त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत वेगळेच काही होते.

"तुला माझा घाव ऐकू आला न्हाई व्हय गं?"

"आला की. रोज आला."

"मग?" तो ओरडलाच. "दोन म्हैने मी मुद्दाम माझ्याच घावानं पहार मारली! बाकीच्यांस्नी हळू मारायला लावून मी जोरानं मारली, की माझी बायको वर कान लावून बसली आसंल, तिला कळंल, ती सांगंल, आन गडावरनं उलटा सुरुंग येईल. रोज वाट बघितली. आज येत्यात, उद्या येत्यात. आन तू..."

राहीला वाटले, कट्यारीचे दोन घाव यापेक्षा बरे होते.

खान खिंडीमागे तिसऱ्या प्रहरापर्यंत स्फोटाची वाट पाहत बसला. सलामी नाही, धडाका नाही, बुरूज जागच्या जागी. अखेरीस टेकडीवरच्या त्याच्या हेरांनी भुयारातून दारूचे बुधले डोक्यावर घेऊन गड चढणारी माणसांची रांग पाहिली, आणि मग तो खरोखरच कर्नाटकाकडे निघून गेला. पाऊणशे मण कोरडी दारू! खानाने मागे टाकलेल्या साऱ्या पसाऱ्यात निवळगडाच्या खऱ्या कामाची चीज तेवढी तीच निघाली.

दुसऱ्या दिवशी सदरेवर नागोपंतांनी, डोळे कागदावरून न काढता, कायदा वाचला: वेढ्यात किल्लेदारास खोटी खबर देणाऱ्यास कडेलोट. राही उभी होती. दंड बांधलेला, हात बांधलेला. "माझं काही म्हणणं न्हाई जी," ती म्हणाली.

रुमाजीराव पंतांकडे वळले. "नेमून दिलेली वेळ टळल्यावरही मी इशारत केली नाही. एका बाईसाठी किल्लेदाराने बुरूज पणाला लावला, हाही तितकाच मोठा गुन्हा आहे. हिचा कडेलोट करायचा तर माझाही करावा लागेल, आणि पंत, तेवढ्यासाठी मी हा गड सात महिने राखलेला नाही. लिहा, की भुयार बुजवण्याचे काम कुशाबा बेलदार आणि त्याची बायको यांजकडे दिले. दुसरे काही लिहू नका."

नागोपंतांनी तेवढेच लिहिले.

भुयार बुजवायला दीड महिना लागला. राही एका हाताने दगड सरकवायची, कुशाबा बसवायचा. पाणवठ्यावरच्या बायका आता तिची घागर भरून द्यायच्या, आणि त्याची तिला लाज वाटायची. घरात, भुयारात, कुशाबा तिच्याशी कामापुरतेही बोलत नसे, बोटाने दाखवायचा. बुरुजाच्या ऐन पोटाखाली, जिथे त्याने शेवटचे घाव घातले होते, तिथे पोचल्यावर मात्र तो पहारीवर रेलून थांबला.

"म्यां मेलो असतो," तो म्हणाला, "पर इमानानं मेलो असतो. आता जगतोय ते तुझ्या खोट्यावर जगतोय."

राहीने दगड खाली ठेवला. दीड महिना ती मान खाली घालून राबत होती. आता तिने मान वर केली आणि आवाजही चढवला.

"मग जग की! माझ्या खोट्यावर जग, मला शिव्या घालत जग, जन्मभर बोलू नगंस. पर जग!"

कुशाबाने तिच्या पायाशी पडलेला दगड स्वतःच उचलला आणि भिंतीत बसवला.